फॉर्ममधे बॉयलर आहे, रोलर नाही

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत एक लेख आला होता, की लहान आणि मध्यम उद्योगांनी आता हरित व्हायला पाहिजे, सस्टेनेबल व्हायला पाहिजे, नाहीतर मोठे खरेदीदार त्यांना सोडून देतील. लेख मी दोनदा वाचला कारण विषय माझ्या पोटापाण्याचा आहे. लेखकाचं म्हणणं चूक आहे असं मी म्हणत नाही, पण वाचताना असं वाटलं की त्यांनी लहान कारखाना रस्त्यानं जाताना गाडीच्या काचेतून पाहिला असेल, आत येऊन चहा पिला नसेल. म्हणून आतली गोष्ट लिहून राहिलो. पत्र लांबलं आहे, जागा नसेल तर कापा, फक्त रोलरचं जे लिहिलं आहे ते कापू नका.

माझी यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव भागात जिनिंग-प्रेसिंग आहे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढून रुईच्या गठाणी बांधायचा कारखाना, १८ डबल रोलर मशीन आणि एक प्रेस, वडिलांनी टाकलेली. दिवाळी आटोपली की सुरू होते आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालते, बाकीचे महिने तिथं चौकीदार, दोन कुत्रे आणि वीज कंपनीचा डिमांड चार्ज एवढंच चालू राहते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, एक क्विंटल कापूस जिनमधून काढला की ३४ किलोच्या आसपास रुई निघते, बाकी बहुतेक सरकी आणि थोडी घट. १७० किलो रुईची एक गठाण, म्हणजे एका गठाणीला पाच क्विंटल कापूस. सरकीचं तेल निघते, ढेप गाईम्हशीला जाते, आणि मशीनखाली जो काडीकचरा पडते तो शेजारचा शेतकरी ट्रॉली लावून खताला घेऊन जाते. चार हजार गठाणी झाल्या की आम्ही म्हणतो सीझन बरा गेला.

तर दोन वर्षांआधी ज्या सूतगिरणीला आम्ही रुई देतो तिथून ईमेलवर एक फॉर्म आला. शहाऐंशी प्रश्न, सगळे इंग्रजीत. मुनीमजींनी प्रिंट काढून माझ्या टेबलवर ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, हे काय होय? मले तं काही समजून नाही राहिलं, जीएसटीचं आहे का?" पुतण्यानं मोबाईलवर भाषांतर करून पाहिलं तर आणखीच गोंधळ. एक प्रश्न होता की तुमच्या संचालक मंडळात पर्यावरणाची समिती आहे का. आमचं संचालक मंडळ म्हणजे मी, धाकटा भाऊ आणि आई, आणि आईचं पर्यावरण म्हणजे अंगणातली तुळस आणि पंप कोणी चालू ठेवला की दिलेल्या शिव्या. मुनीमजींनी आपल्या अनुभवानं सगळीकडे "लागू नाही" लिहून पाठवून दिलं. चार दिवसांनी फॉर्म परत आला, लागू नाही असं उत्तर चालणार नाही म्हणे.

हा फॉर्म येते कुठून ते मला नंतर कळलं. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीनं २०२१ मधे मोठ्या लिस्टेड कंपन्यांसाठी बीआरएसआर नावाचा अहवाल आणला, वरच्या १००० कंपन्यांना तो २०२२-२३ पासून सक्तीचा झाला. वीज किती वापरली, पाणी किती, कचरा किती, कामगारांचं काय, हे सगळं त्यात लिहावं लागते. पुढं सेबीनं असंही आणलं की सर्वात मोठ्या कंपन्यांनी आपल्याला माल देणाऱ्यांचीही माहिती सांगावी. आता मोठी कापड कंपनी गिरणीला विचारते, गिरणी आम्हाला विचारते, आणि आम्ही कोणाला विचारायचं? शेतकऱ्याला? तो म्हणते भाव सांगा. लिहिणारा वर बसलेला आहे आणि लिहायचा मजकूर खालून गोळा होऊन राहिला, मधल्या प्रत्येक पायरीवर फॉर्म दोन-चार प्रश्नांनी फुगते. आमच्यापर्यंत पोचला तेव्हा त्याचे शहाऐंशी झाले होते.

मग घाबरून नागपूरचा एक कन्सल्टंट धरला. त्यानं सव्वा लाख सांगितले, सत्तर हजारावर तुटलं. माणूस एकदा आला, दोन तास फिरला, फोटो काढले, चहा घेतला, आणि पंधरा दिवसांनी रंगीत रिपोर्ट पाठवला. रिपोर्ट दिसायला झकास. सातव्या पानावर लिहिलं होतं की आमच्या बॉयलरची कार्यक्षमता समाधानकारक आहे. साहेब, जिनिंगमधे बॉयलर नसते. वाफेचं आमच्याकडे कामच नाही, सगळं विजेच्या मोटरवर चालते. दुसऱ्या कोणाच्या तरी, बहुतेक राईस मिलच्या, रिपोर्टमधून उचललं होतं ते. मी फोन केला तर तो म्हणाला, राहू द्या ना, कोणी वाचत नाही. आणि खरंच कोणी वाचलं नाही. गिरणीनं रिपोर्ट घेतला, "स्वीकारला" असा मेल आला. बॉयलर असलेली जिनिंग म्हणून आम्ही पास झालो.

पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि ते सत्तर हजारामुळं नाही. शहाऐंशी प्रश्नात आमच्या धंद्यात खरंच जे चुकीचं चाललं आहे त्याबद्दल एकही प्रश्न नव्हता हे तेव्हा डोक्यात आलं.

रोलर घ्या. डबल रोलर जिनमधे जे रोलर फिरतात ते चामड्याच्या चकत्या एकावर एक दाबून बनवलेले असतात, आणि ते चामडं क्रोमियमच्या मिठानं कमावलेलं असते. रोलर चाकूवर घासत घासत फिरते, झिजते, त्याची बारीक भुकटी रुईतही जाते आणि हवेतही. दर काही दिवसांनी मिस्त्री रोलर काढून त्याला नवीन खाचा पाडते, तेव्हा तर भुकटी नुसती उडते. आमचे मिस्त्री वडिलांच्या वेळेपासूनचे, नाकाला दुपट्टा बांधून बसतात, कधी तोही नाही. मी लहानपणापासून हे पाहून राहिलो आणि कधी काही वाटलं नाही, कारण सगळ्याच जिनमधे असंच असते. क्रोम नसलेल्या रोलरवर, रबर आणि सुती कापडाच्या थरांच्या वगैरे, नागपूरच्या जिनिंग ट्रेनिंग सेंटरमधे बऱ्याच वर्षांपासून काम झालेलं आहे, हे सेंटर मुंबईच्या सिरकॉट या सरकारी कापूस संशोधन संस्थेचं होय. म्हणजे माहिती दीड-दोनशे किलोमीटरच्या आत होती. मी कधी गेलो नाही. का गेलो नाही याचं खरं उत्तर हे की कोणी विचारलं नाही, आणि चालू रोलर बदलायचा म्हणजे खर्च, आणि नवीन रोलरवर मशीनचा उतारा, म्हणजे निघणारी रुई, कमी आला तर सीझनमधे कोण निस्तरणार. लेखकांना माझा हा एक निरोप द्या, आम्ही लहान लोक स्वतःला लय गरीब बिचारे म्हणून दाखवतो, पण काही गोष्टी आमच्या हातात होत्या आणि आम्ही "लहान आहोत" या नावाखाली बसून राहिलो.

तसंच धुळीचं. जिनच्या हॉलमधे डिसेंबरात उभे राहून पाहा, उन्हाची तिरीप आली की हवेत रुई तरंगताना दिसते. बाया दिवसभर त्यात. एका बाईला खोकला लागला की बाकीच्या म्हणतात थंडी आहे. एक काकू आमच्याकडे वीसेक वर्षं होत्या, शेवटच्या दोन सीझनला जिना चढल्या की दम लागायचा, मग त्यांनी येणं बंद केलं. कापसाच्या धुळीनं फुफ्फुसाचा आजार होते हे डॉक्टरी पुस्तकात जुनं आहे, त्याला नावही आहे. आम्ही मागच्या वर्षी धूळ ओढणारं सायक्लोन बसवलं, पूर्वी पंखे नुसते भिंतीबाहेर धूळ फेकत होते आणि ती शेजारच्या तुरीवर जाऊन बसायची. आता ती एका खोलीत जमा होते. पूर्ण गेली असं म्हणणार नाही, पण तिरिपीत आता कमी दिसते. फॉर्ममधे कामगारांच्या आरोग्याचा एक प्रश्न होता, तो असा की तुमच्याकडे धोरण लेखी आहे का. लेखी आहे, कन्सल्टंटनं दिलं आहे.

प्लास्टिकची तर वेगळीच कथा. पूर्वी वेचणाऱ्या बाया लुगड्याच्या ओटीत कापूस वेचायच्या आणि गाठोडं सुती धोतराचं असायचं. आता खताच्या, पशुखाद्याच्या प्लास्टिकच्या चुंगड्या. चुंगडी फाटली की तिचे धागे कापसात, कापसातून रुईत, रुईतून सुतात, आणि कापड रंगवलं की तेव्हा तो धागा वेगळा दिसते कारण त्याला रंग चढत नाही, आणि मग गिरणी आमच्या नावानं पैसे कापते. आम्ही एका वर्षी तीनशे सुती चवाळे शिवून शेतकऱ्यांना वाटले, म्हटलं यात कापूस आणा. निम्मे परत आले. बाकीच्यांचं काय झालं ते पोळ्याला कळलं, एका घरी गेलो तर दाराला आमचंच चवाळं पडदा म्हणून लावलेलं, आणि वहिनी म्हणाल्या, "भाऊ, कापड चांगलं होतं हो." मी काय बोलणार. एक शेतकरी तर गेटवरच भडकला, "कापूस घ्याचा आहे का पोतं पाह्याचं आहे?" त्याचंही चूक नाही, सुती पोत्याला चार पैसे जास्त लागतात आणि सुती पोत्यात आणलेल्या कापसाला मी त्याला भाव तोच देत होतो. ह्या वर्षीपासून सुती चवाळ्यातल्या मालाला क्विंटलमागं थोडे वर देऊन राहिलो. थोडेच, पण आता चवाळे परत येतात. सरकारनं १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर बंदी आणली, चमचे-स्ट्रॉ वगैरे, आमची चुंगडी त्यात येत नाही.

बोंडअळीचंही असंच होय. गुलाबी अळीचे पतंग जिनमधे साठवलेल्या कापसातून, सरकीतून निघतात आणि आजूबाजूच्या शेतात जातात, म्हणून कृषी खातं जिनवाल्यांना कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे सापळे, लावायला सांगते. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात काय झालं, अळीनं आणि फवारणीच्या विषबाधेनं, ते तुमच्याच पेपरात आम्ही रोज वाचत होतो. एका जिननं सापळे लावले आणि सरकी वेळेवर उचलली तर आजूबाजूच्या शेतकऱ्याची एखादी फवारणी वाचू शकते, मला वाटते पर्यावरणाचं याहून मोठं काम माझ्या हातून होणं नाही. फॉर्ममधे त्याला रकाना नाही.

आता विजेचं सांगतो, कारण खरा बदल आमच्याकडे तिथून सुरू झाला, आणि फॉर्ममुळं नाही, बिलामुळं झाला.

आमच्या जिनमधे कापूस एका जागेहून दुसऱ्या जागी हवेनं ओढत नेत होते, मोठाले ब्लोअर आणि पाईप. जिनमधली बरीच वीज या ओढाताणीत जाते हे मला एका जुन्या इंजिनियरनं सांगितलं, त्यानं सांगितलं की पट्टा लावा, म्हणजे बेल्ट कन्व्हेयर. जिथं जमलं तिथं पट्टा लावला, दोन मोठ्या मोटर बदलून नव्या कमी वीज खाणाऱ्या घेतल्या, कपॅसिटर ठीक केले. खर्च सगळा मिळून अकरा लाख. आधी एका गठाणीमागं ५८ युनिट लागत होते, आता ४७ लागतात. चार हजार गठाणीचे ४४ हजार युनिट वाचले, नऊ रुपयांनी धरा, वर्षाला चार लाखाच्या आसपास. तीन वर्षांच्या आत पैसा निघते. हे गणित मी कोणत्याही जिनवाल्याला पाटीवर मांडून दाखवतो आणि तो सस्टेनेबल हा शब्द न ऐकता पट्टा लावते.

आणि कार्बनचंच म्हणाल तर आपल्या देशात ग्रीडची एक युनिट वीज म्हणजे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साईड, कारण वीज कोळशाची. आमच्या शेजारी चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं, कोळसाही इथलाच, राखही इथलीच. तर गठाणीमागं ११ युनिट म्हणजे साडेसात-आठ किलो कमी झाला. पुतण्यानं हे फॉर्मात भरायला घेतलं तर तिथं रकाना होता "वर्षाची एकूण ऊर्जा, गिगाज्यूलमधे". ते काय असते ते शोधण्यात एक संध्याकाळ गेली, एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल. भरलं. पण त्या वर्षी पाऊस लागला, कापूस कमी आला, गठाणी कमी झाल्या, म्हणून एकूण आकडा खूपच खाली गेला आणि गिरणीकडून शाबासकीचा मेल आला. यंदा कापूस बरा आहे, गठाणी वाढतील, एकूण आकडा वाढेल आणि आम्हाला लाल शेरा बसेल, काम तेच, मशीन तीच. गठाणीमागं किती हे कोणी विचारतच नाही. नापिकीच्या वर्षी आपण सगळे जिनवाले आपोआप हरित होतो असा याचा अर्थ.

सोलरचंही केलं, ६० किलोवॅट. गोदामावर सिमेंटचे पत्रे होते ते वजन घेईनात, मग लोखंडी स्ट्रक्चर, त्याचा खर्च कोटेशनमधे कोणीच सांगत नाही. जिनिंगला सोलर जमते का असा प्रश्न लोक विचारतात कारण कारखाना उन्हाळ्यात बंद. नेट मीटरिंगमधे, म्हणजे जास्तीची वीज कंपनीला देऊन खात्यात जमा करायच्या सोयीत, एप्रिलपासून जमा झालेली युनिट मार्चपर्यंत खात्यात राहतात, म्हणून उन्हाळ्याचं ऊन हिवाळ्यात वापरता येते, हे आमच्या सीझनला लय बरोबर बसते. पण बिलात वेळेनुसार दर असतात, दिवसा उन्हाच्या तासात सूट आणि संध्याकाळी जादा, आणि कोणत्या तासातली युनिट कोणत्या तासात वळती करायची याचे नियम मधेमधे हलतात. आम्ही प्रेस रात्री चालवायचो ती दिवसावर आणली. मजुरांनाही बरं, रात्रीचं घरी जायचं टळलं. बाकी सोलरवाल्यानं एक गोष्ट सांगितली नव्हती, जिनच्या जवळ पॅनल असली की त्यावर रुई आणि धूळ मिळून नमदा बसल्यासारखी बसते, पंधरा दिवस धुतलं नाही तर वीज कमी बनते. आणि माकडं. त्यांच्यावर काही उपाय असेल तर तुमच्या वाचकांनी कळवावा.

बँकेची गोष्ट थोडक्यात. केंद्राची एक योजना आली होती, सूक्ष्म आणि लघु उद्योगांना हरित मशिनरीसाठी दोन कोटीपर्यंतच्या कर्जावर पाच वर्षं २ टक्के व्याजाची सवलत, एमएसई-गिफ्ट नावाची. मी बँकेत कागद घेऊन गेलो तर साहेबांनी तोच कागद माझ्याकडून झेरॉक्स करून घेतला, त्यांना नवीन होता. शेवटी कर्ज साध्या व्याजदरानंच मिळालं कारण सीझन तोंडावर होता आणि मला थांबता येत नव्हतं. झेडचं सर्टिफिकेट आहे, झिरो डिफेक्ट झिरो इफेक्ट, २०२२ पासून नव्यानं सुरू केलं, ब्रॉन्झची फी १० हजार, सिल्व्हरची ४० हजार, गोल्डची ९० हजार, त्यात सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के सूट, लघुला ६०, मध्यमला ५०. योजना चांगली आहे, ब्रॉन्झ मी स्वतः केलं. पण आता पाहा, १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म म्हणजे गुंतवणूक अडीच कोटीपर्यंत आणि उलाढाल १० कोटीपर्यंत. कापसाचा हमीभाव २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याला क्विंटलमागं ८११० रुपये होता. बारा-साडेबारा हजार क्विंटल कापूस घेतला की १० कोटी पार, म्हणजे अडीच हजार गठाणी, म्हणजे आमच्यापेक्षाही लहान जिन. पैसा एका हातानं शेतकऱ्याला गेला, दुसऱ्या हातानं गिरणीकडून येणार, मधे राहते ते चहापाण्यापेक्षा थोडं जास्त, पण कागदावर आम्ही मोठे. ब्रॉन्झच्या फीत याचा फरक दोन हजाराचाच पडते, खोटं कशाला बोलू, पण जिथं जिथं सूक्ष्मला जास्त आणि लघुला कमी असं असते तिथं जिनवाला आपल्या कापसाच्या भावानं मोठा ठरते.

आणि भावाचा भरवसा काय? २०२५ च्या ऑगस्टात केंद्रानं कापसावरची ११ टक्के आयात ड्युटी काढली, आधी सांगितलं सप्टेंबरपर्यंत, मग डिसेंबरपर्यंत. त्यात चूक-बरोबर मी म्हणत नाही, गिरण्यांना कापूस स्वस्त पाहिजे. पण पाच वर्षांचं कर्ज काढून पट्टा आणि सोलर लावणाऱ्याला पुढच्या पाच महिन्यांचं दिसत नाही. युरोपच्या कार्बन टॅक्सचीही आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मधे लय घबराट झाली होती, तो १ जानेवारी २०२६ पासून पूर्ण लागू आहे पण लोखंड, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत, हायड्रोजन आणि वीज एवढ्यालाच, कापसाला नाही, हे सांगायला मला तीन दिवस मेसेज टाकावे लागले.

सर्वात जास्त राग आहे तो पैशाच्या उशिराचा. आमच्या गावाजवळ एका मित्रानं पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या, ब्रिकेट बनवायचं युनिट टाकलं होतं, पांढरा कोळसा. तुम्हाला माहीतच आहे, सीझन संपला की शेतकरी पऱ्हाटी उपटून बांधावर जाळते, धूर होते, आणि उभी ठेवली तर बोंडअळी तिच्यात राहते. ह्यानं शेतातून पऱ्हाटी उचलायची, श्रेडर लावून बारीक करायची, कांडी बनवून कारखान्यांना विकायची. याहून हरित धंदा कोणता? शेतकऱ्याला दोन पैसे, पोट्ट्यांना काम, कोळशाला पर्याय. पण ज्या मोठ्या कारखान्याला तो माल देत होता तिथून पैसे १२० दिवसांनी, कधी त्याहून उशिरा. पऱ्हाटी दोन महिन्यांतच गोळा करावी लागते, ट्रॅक्टरवाला रोख मागते, मजूर शनिवारी बाजाराच्या दिवशी मागते. कायदा आहे, २००६ चा एमएसएमई कायदा, लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्या. इन्कम टॅक्सच्या ४३बी(एच) कलमामुळं २०२४ च्या एप्रिलपासून उशीर करणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. मग खरेदीदारानं काय केलं, त्याला म्हणाला तुझं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लहान उद्योग असल्याची सरकारी नोंद, बिलावर दाखवू नको. तक्रार करायचं पोर्टल आहे, पण एकच गिऱ्हाईक असलेला माणूस त्या गिऱ्हाईकाची तक्रार करते का? दोन सीझन ओढलं, मग मशीन विकली. त्या कारखान्याच्या वार्षिक अहवालात त्या वर्षी बायोमास इंधन वापरल्याचं मोठं कौतुक छापून आलं होतं, फोटोसकट, फोटोत मित्राचा श्रेडर होता.

म्हणून लेखकांनी लिहिलं की लहान उद्योगात जागृतीचा अभाव आहे, ते मला पटलं नाही. जागृती आहे हो, पैसे सीझनमधे अडकलेले आहेत. गिरणीनं आमचे पैसे ३० दिवसांत दिले तर रोलर बदलायचे पैसे त्यातूनच निघतात, मला सबसिडी नको. आणि ज्याला स्वच्छ रुई पाहिजे, प्लास्टिक नसलेली, माग काढता येईल अशी, त्यानं गठाणीवर काही वर द्यावं. बेटर कॉटनसारख्या कार्यक्रमातला कापूस शेतापासून जिनपर्यंत वेगळा ठेवावा लागते, वेगळा ढीग, वेगळी नोंद, मधे मशीन साफ करा, यात जागा जाते आणि वेळ जाते, आणि वर काय मिळेल ते ठरलेलं नसते. मी चवाळ्याला जास्त भाव दिला तेव्हाच चवाळे परत आले, हा हिशोब वरच्यांनाही लागू होईल असं मला वाटते.

फॉर्म काढून टाका असं माझं म्हणणं नाही. फॉर्ममुळंच मी रोलरकडे पाहिलं, त्यात तो नव्हता म्हणून पाहिलं. पण जिनचा फॉर्म जिनचा असावा, एका पानाचा, मराठीत: गठाणीमागं किती युनिट, रोलर कशाचे, धूळ कुठं जाते, पोतं कशाचं, सापळे किती लावले, सरकी किती दिवस पडून राहते. माल कशानं पाठवता हे विचारा, तिथं "रेल्वे" असा एक पर्याय होता तो पाहून मला हसू आलं, कापसासाठीच टाकलेली आमची यवतमाळ-मुर्तिजापूर शकुंतला कधीची बंद पडली आहे, आता ट्रकशिवाय आहे काय. दाल मिलचा फॉर्म वेगळा, राईस मिलचा वेगळा, त्यात बॉयलर टाका. नागपूरचं जिनिंग ट्रेनिंग सेंटर आणि वर्ध्याची एमगिरी, म्हणजे महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था, यांनी मिळून बसलं तर महिनाभरात होईल हे काम. एमगिरी ज्या मगनवाडीत आहे तिथं १९३४ मधे ग्रामोद्योग संघ सुरू झाला आणि गांधीजींचे सहकारी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा तिथंच बसून गावच्या धंद्यांचा असाच बारीक हिशोब करत होते, किती लागते, किती वाया जाते, कोणाच्या हाताला काम मिळते. त्यांच्या तेलघाणीच्या आणि हातकागदाच्या हिशोबात गिगाज्यूल नव्हतं तरी चाललं. आणि सत्तर हजाराच्या कन्सल्टंटऐवजी दर तालुक्याला एक फिरता इंजिनियर द्या, मोटर आणि ब्लोअर तपासणारा, आम्ही पाच-सहा जिनवाले मिळून त्याचा पगार उचलायला तयार आहोत, तसं आम्ही बोललोही आहोत, अजून माणूस मिळाला नाही.

मागच्या महिन्यात नागपूरला सेंटरवर जाऊन आलो. चार मशीनचे रोलर क्रोम नसलेले लावून पाहायचं ठरवलं आहे, बाकी १४ जुन्याच रोलरवर, म्हणजे उताऱ्याचा फरक समोरासमोर दिसेल. मिस्त्री नाराज आहेत, म्हणतात चामड्यासारखं काही नाही. मार्चमधे सीझन आटोपला की दोन्हीचे आकडे, गठाणीमागचे युनिट आणि उतारा, तुम्हाला पाठवतो, चांगले आले तरी आणि वाईट आले तरी.

आपला नियमित वाचक,
एक जिनिंगवाला, राळेगाव तालुका, जि. यवतमाळ

(ता. क. नाव छापू नये ही विनंती. गिरणीकडून डिसेंबरचे पैसे यायचे आहेत.)